समाधानकारक स्पष्टीकरण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली; एकतीस वर्षांच्या संसारात त्यांच्यापासून एवढी एकच गोष्ट लपवली. धाकटी बहीण इथं अकोल्यात मागच्याच गल्लीत राहते, रोज संध्याकाळी चहाला येते. तिलाही नाही सांगितलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत हे सांगायची हिंमत माझ्यात नाही — असंच म्हणते, ते जास्त खरं आहे.

आणि आधीच सांगून ठेवते, माझ्यावर फार विश्वास ठेवू नका. मी स्वतः ठेवत नाही. बावीस वर्षं ही गोष्ट मी मनातल्या मनात इतक्या वेळा सांगितली आहे की दर खेपेला तिच्यातली मी थोडी थोडी बरी होत गेले. म्हणून आज कागदावर उतरवते आहे. कागदावरचं बदलत नाही. हे मला जरा जास्तच चांगलं माहीत आहे.

मी गणिताची शिक्षिका. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. विभागात आम्ही पाच जण — चार पुरुष आणि मी. निवृत्तीनंतर अकोल्याला आले, माहेरच्या गावी, आणि इथं मला एक नवंच काम लागलं. भाषणं. मुली गणितात मागे का पडतात, इंजिनिअरिंगला कमी का दिसतात, प्रयोगशाळांत आणि कॉम्प्युटरच्या कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर बाई का नसते — यावर बोलायला शाळा बोलावतात, महिला मंडळं बोलावतात. मी जाते. बरं बोलते म्हणतात. माझं एक ठरलेलं वाक्य आहे: मुलींना गणित येत नाही असं नाही, त्यांना ते येतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. इथं टाळ्या पडतात. हे तुम्हाला कसं कळलं, असं मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

एम.एस्सी.ला असताना मी एक सेमिनार दिला होता. संपल्यावर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणाकडून लिहून आणलं? मला फळ्यापाशी उभं करून पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडायला लावलं. मी मांडलं. नोकरीला लागले तेव्हा यजमान पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, तर स्टाफरूममध्ये एक जण दर आठवड्याला हसत विचारायचे, कठीण गणितं साहेबांकडून सोडवून आणता का मॅडम? साहेबांना आमच्या मुलीच्या सातवीच्या गणितांनी घाम फुटायचा.

हे मी तुम्हाला का सांगते आहे? माझी थोडी कीव यावी म्हणून? बघा, सुरू झालं. तसं काही वाटलं असेल तर ते बाजूला ठेवा. सांगायचं एवढंच की आपल्यावर संशय घेतला गेला की कसं वाटतं, हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर निदान मूर्खपणा तरी म्हणता आला असता.

रोशनी तायडे अकरावीला माझ्या वर्गात आली. बार्शीटाकळीची. वडील तिथल्या शाळेत शिपाई, आई घर सांभाळून गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि इथं सगळं विज्ञान इंग्रजीतून. अशा मुलांचे पहिले तीन-चार महिने फार वाईट जातात. ती होस्टेलवर राहायची. दुसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या बाजूला बसायची. वर्गात कधी हात वर करायची नाही. पण मी फळ्यावर गणित मांडून मागे वळले की तिची पेन्सिल थांबलेली असायची — बाकीचे अजून उतरवून घेत असताना. मला ते आवडायचं नाही. वाटायचं, ही लिहीत नाही म्हणजे लक्ष नाही. नाहीतर हिला आधीच झालं म्हणजे कुठल्या तरी शिकवणीत करून आली आहे. तिसरी शक्यताही होती. त्या शक्यतेकडे मी जात नसे.

एकदा तिच्या वहीत एका गणितासमोर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं — 'हे असं का? उलटं केलं तरी येते.' मी करून पाहिलं. उलटं केलं तरी येत होतं. वही तपासून परत दिली, शेरा काही लिहिला नाही.

आमच्या कॉलेजातून दर वर्षी एका विद्यार्थ्याला नागपूरला गणिताच्या शिबिराला पाठवायचे. दहा दिवस. बाहेरून मोठमोठे शिक्षक यायचे, आणि त्या शिबिरातली मुलं पुढं चांगल्या संस्थांमध्ये जायची. सहामाही परीक्षेवरून नाव ठरायचं. ते ठरवणं सोपं जावं म्हणून मी पेपरात शेवटचा एक प्रश्न मुद्दाम अवघड घालत असे. त्या वर्षी घातलेला प्रश्न असा — डाव्या बाजूला एक लांबलचक बेरीज, उजव्या बाजूला एक आटोपशीर उत्तर, आणि दोन्ही सारखेच आहेत हे सिद्ध करायचं. पुस्तकातली रीत दीड पानाची. मला तेवढीच येत होती.

एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासायला बसले. नव्वद मुलांमध्ये शेवटचा प्रश्न दोघांचाच बरोबर. एक प्रणव — कॅम्प भागातल्या एका डॉक्टरांचा मुलगा, पहिल्यापासून इंग्रजी शाळेतला, बोलका, आणि खरं सांगायचं तर माझा लाडका. दुसरी रोशनी. दोघांनीही पुस्तकातली रीत वापरलेली नव्हती. दोघांनीही एकच रीत वापरली होती, आणि ती मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

ती रीत तुम्हाला सांगते. समजायला गणित यावं लागत नाही. समजा, गावात काही बायका आहेत. त्यांच्यातून एक बचत गट करायचा, कितीही जणींचा, आणि त्या गटातल्याच एकीला अध्यक्ष करायचं. हे किती प्रकारांनी करता येईल? आधी गट निवडला आणि मग त्यातली अध्यक्ष, तर मोजताना ती लांबलचक बेरीज येते. पण आधी अध्यक्षच निवडली, आणि उरलेल्या प्रत्येकीला नुसतं विचारलं, येतेस का नाही? — तर ते आटोपशीर उत्तर येतं. मोजलं एकच. म्हणून दोन्ही सारखे. संपलं. सहा ओळी.

मी तीन वेळा वाचलं. मग चहा केला, आणि चौथ्यांदा वाचलं.

दोघांतल्या एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं होतं, यात शंका नव्हती. परीक्षेत प्रणव रोशनीच्या बरोबर मागे बसलेला. मी स्वतः त्या हॉलवर होते. आता तुम्ही सांगा — मागचा पुढचीचं बघतो, का पुढची मागच्याचं?

प्रणवचं पान एकदम स्वच्छ होतं, एक खाडाखोड नाही. रोशनीच्या पानावर आधी दोन रीती करून त्यांवर मारलेली काट, मग बाजूला ठिपक्यांच्या रांगा, त्यातले काही ठिपके गोल केलेले, आणि मग खाली त्या सहा ओळी. मी स्वतःला समजावलं की स्वच्छ पान म्हणजे ज्याला येतं त्याचं पान, आणि खाडाखोड म्हणजे गोंधळलेल्या मुलीची, जिला शेवटी कुठून तरी उत्तर मिळालं. इतकी वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला खाडाखोड म्हणजे काय ते कळत नव्हतं? ठिपक्यांच्या रांगा कोण कुणाचं बघून काढतं?

आणि अजून एक. हे मी मनातल्या मनात सांगतानासुद्धा बहुतेक वेळा गाळत आले. रोशनीला बचत गटाला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं, म्हणून तिनं सगळं इंग्रजीत लिहून तो एकच शब्द देवनागरीत लिहिला होता — 'महिला बचत गट'. आणि प्रणवच्या पानावर होतं, 'लेडीज ग्रुप'. आणि अध्यक्षाच्या जागी 'लेडी प्रेसिडेंट'. सोळा वर्षांचा डॉक्टरांचा मुलगा, क्रिकेट खेळणारा — त्याला गणित सोडवताना बायकांचाच गट का सुचावा? टीम का नाही, कॅप्टन का नाही? त्याच महिन्यात रोशनीचा रजेचा अर्ज माझ्याकडे आला होता. आईच्या बचत गटाचा मेळावा आहे, आई अध्यक्ष आहे, दोन दिवस गावी जाऊन येते. खाली माझी सही होती.

मला संशय आला, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. संशय कसला? संशय यायला शंका असावी लागते. त्या दुपारी टेबलाशी बसले असताना मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी रोशनीला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिघे जण डबा खात होते. पेपर समोर ठेवून मी विचारलं, हे कुणाचं पाहून लिहिलं? तिला आधी प्रश्नच कळला नाही. तिला वाटलं असावं की कौतुक करायला बोलावलंय. ती अर्धवट हसत आत आली होती, आणि ते हसू जायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "कोनाचं नाई मॅडम."

मी म्हटलं, मग हे सुचलं कसं?

तिच्या गप्प बसण्याचा मी लगेच अर्थ लावला — लावायला बसलेच होते. पण ती गप्प नव्हती, शब्द जुळवत होती. जरा वेळानं म्हणाली, "मॅडम, मले इचारा ना. त्यातलं कोनतंबी इचारा." आणि टेबलावरचा खडू तिनं उचलला. स्टाफरूममध्ये एक छोटा फळा होता, वेळापत्रक लिहायला. ती त्याच्याकडे बघत होती.

एक प्रश्न पुरे होता. अध्यक्ष काढून टाकली तर, दोन अध्यक्ष घेतल्या तर, काहीही. तिनं मांडलं असतं. मला एका मिनिटात कळलं असतं, डबा खाणाऱ्या तिघांनाही कळलं असतं.

मी म्हटलं, खडू ठेव. घंटा होईल आता. जा वर्गात.

तिनं खडू ठेवला. हात फ्रॉकला पुसावे तसे ओढणीला पुसले, आणि गेली.

आमचे विभागप्रमुख कोल्हे सर मोर्शीचे, साधे गृहस्थ. त्यांच्याकडे मी दोन्ही पेपर घेऊन गेले आणि सांगितलं की मुलीनं कॉपी केली आहे. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, एकडाव इचारून घ्या तिले. पोरगी कॉपी करनारी नाई वाटत मले."

हे तुम्ही नीट वाचा. विभागातल्या एका पुरुषानं त्या मुलीवर विश्वास ठेवला होता. आणि मी त्यांना म्हटलं — हे शब्द मी कधीच विसरले नाही — "सर, मी स्वतः बाई आहे. मुलीवर उगाच आळ घेईन का?"

यावर ते काय बोलणार? त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मंग लिहून द्या तुमी. फायलीले लागते."

मी लिहून दिलं. अर्धं पान. त्यातली शेवटची ओळ अशी: 'सदर विद्यार्थिनीस शिक्षकांसमोर विचारणा केली असता तिला समाधानकारक स्पष्टीकरण देता आले नाही.' खाली सही, तारीख. कार्यालयाची भाषा किती सोयीची असते बघा. त्यात कोण कुणाला काय म्हणालं ते यावंच लागत नाही. मी तिला गणितातलं काहीही विचारलं नव्हतं. ती विचारा म्हणत होती.

शेवटच्या प्रश्नाचे तिचे गुण शून्य झाले. प्रणव शिबिराला गेला. पालकांना बोलवायची पद्धत होती म्हणून तिचे वडील आले — सकाळच्या बसनं बार्शीटाकळीहून अकोला, तिथून अमरावती. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. मी जे लिहिलं होतं ते त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमी म्हनता तं असन मॅडम. पन घरी तिनं कधी खोटं सांगतलं नाई." मग विचारलं, "तिले कालेजातून काढान का?" मी म्हटलं, नाही नाही, एवढं काही नाही. आणि त्यांनी माझे आभार मानले. शाळेत शिपाई असलेल्या त्या माणसानं, शिक्षिका सांगते ते खरंच असणार असं धरून, माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

रोशनीनं वर्ष पूर्ण केलं. वार्षिक परीक्षेत तिनं प्रत्येक गणित पुस्तकातल्या रीतीनं सोडवलं होतं, पायरीपायरीनं, एकही ओळ जास्त नाही, एकही कमी नाही. बारावीला तिनं गणित सोडलं, जीवशास्त्र ठेवलं. तिच्या फॉर्मवर सही माझीच लागत होती. तिनं फॉर्म पुढं केला, मी सही केली. का सोडतेस, असं विचारायची पद्धत असते. तेही विचारलं नाही.

आता मी हे का केलं, त्याचा विचार करून करून मी थकले आहे, आणि मला जी जी कारणं सुचतात त्या सगळ्यांचा मला संशय येतो. एम.एस्सी.च्या त्या सरांनी मला जे केलं तेच मी पुढं केलं, असं म्हणता येतं. भाषणात म्हटलं तर लोकांचे डोळे ओले होतील. पण त्या सरांनी मला फळ्यापाशी उभं केलं होतं. मांडू दिलं होतं. मी तिला तेवढंही दिलं नाही. डॉक्टरांचा मुलगा, कॉलेजात वजन, असंही म्हणता येतं. पण डॉक्टर मला कधी भेटलेसुद्धा नव्हते.

मग उरतं काय? उरतं ते असं. विभागात मी एकटी बाई होते. वर्षानुवर्षं ते मला टोचायचं, असं मी सांगते. टोचायचंच. पण त्याबरोबर आणखी काही तरी होतं. बाहेरचे पाहुणे आले की प्राचार्य माझ्याकडे बोट दाखवत — आमच्या गणिताच्या मॅडम. लग्नाकार्यात लोक हळूच दाखवत, ह्या गणित शिकवतात. मी एकटी होते म्हणून मी कुणी तरी होते. आणि एका रविवारी दुपारी सोळा वर्षांच्या एका मुलीनं, जिला ग्रुप हा शब्दही सुचला नव्हता, सहा ओळींत असं काही लिहिलं जे मला तीस वर्षांत सुचलं नसतं. मुलानं लिहिलं असतं तर मी ते विभागभर मिरवलं असतं, माझा विद्यार्थी म्हणून. म्हणून मी ते मुलानं लिहिलं असं ठरवलं. मला दुसरी नको होती.

बस. हे आहे ते.

त्यानंतरची वर्षं मी पहारा देत काढली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. कोल्हे सर निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, मॅडम फार काटेकोर आहेत. मी आठवडाभर त्या एका शब्दावर विचार करत होते — काटेकोर म्हणजे काय म्हणायचं होतं त्यांना? त्यांनी नंतर मुलीला विचारलं होतं का? डबा खाणाऱ्या तिघांपैकी एक जण पुढं माझ्याशी कमी बोलायला लागला. का ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. प्रणव आता बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे. दर वर्षी शिक्षकदिनाला त्याचा न चुकता मेसेज येतो: मॅडम, तुमच्यामुळे मी घडलो. त्याला तर माहीतच आहे की त्यानं पाहून लिहिलं. मग हे तो का लिहितो? मनापासून? की मला आठवण करून द्यायला? की तो विसरूनही गेला, आणि ते गणित आपणच सोडवलं असं आता त्याला खरंच वाटतं? मी दर वर्षी हात जोडल्याचं चित्र पाठवते.

रोशनीचं पुढं काय झालं, ते मला उडत उडत कळलं होतं. नर्सिंग केलं, अकोला जिल्ह्यात आरोग्य खात्यात लागली, लग्न झालं. ऐकून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. चांगली सरकारी नोकरी आहे, म्हणजे काही बिघडलं नाही, असं. कुणाचं काही बिघडलं की नाही हे ठरवायला मीच बसले होते, तेही विसरून.

या वर्षी जानेवारीत अकोल्यातल्या एका शाळेनं मला बोलावलं. विषय नेहमीचाच. सभागृहात आठवी-नववीच्या मुली आणि त्यांच्या आया. मी बोलायला उभी राहिले, आणि दारातून एक बाई आत आली, हातात हेल्मेट, ड्यूटीवरून आल्यासारखी. तिसऱ्या रांगेत एक मुलगी जागा धरून बसली होती, तिच्या शेजारी जाऊन बसली. अंग भरलं होतं, चष्मा आला होता. तरी मी तिला लगेच ओळखलं.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ही मुद्दाम आली आहे. इतकी वर्षं वाट पाहून, माझं नाव फलकावर वाचून, चारचौघांत उभी राहून विचारायला आली आहे. मी बोलत होते आणि तिच्याकडे बघत होते. ती शांत ऐकत होती. त्या शांतपणावरही माझा विश्वास नव्हता. विश्वास कुणाचा बसत नाही, ते माझं ठरलेलं वाक्य तोंडाशी आलं, आणि मी ते गाळलं. पाऊण तासाचं भाषण वीस मिनिटांत संपवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, आता मुलींचे प्रश्न घेऊ. तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. आईचा नाही, त्या मुलीचा. मी माइकवरूनच म्हटलं की मला दुसरीकडे जायचं आहे, प्रश्न राहू देऊ या.

मला दुसरीकडे कुठंही जायचं नव्हतं.

शाल-श्रीफळ झालं, मी घाईनं बाहेर निघाले, आणि व्हरांड्यात त्या दोघी समोर आल्या. "मॅडम, ओळखलं का?" ती म्हणाली. "रोशनी. रोशनी तायडे. अकरावीले होती मी तुमच्या वर्गात."

आवाजात राग नव्हता. मी शोधला, सापडला नाही. आतासुद्धा तुम्हाला सांगताना शोधते आहे. कदाचित ती फक्त जुन्या शिक्षिकेला भेटायला आली होती. कदाचित मी एक वाक्य बोलेन अशी तिला आशा होती. कदाचित ती फक्त मुलीला घेऊन आली होती आणि मी तिथं आहे हे तिला आत आल्यावरच कळलं. यातलं कुठलं, ते मला कळायला मार्ग होता. मी फक्त बोलायला हवं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "इतक्या मुली हाताखालून गेल्या, चेहरे लक्षात राहत नाहीत आता."

तिनं हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाली, "असू द्या. लय वर्षं झाले." आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "हे माही पोरगी. आठवीत आहे. गनित लय आवडते तिले. मीच सांगून ठेवलं तिले, काही सुचलं, काही अडलं तं हात वर करजो, चार लोकायसमोर बोलजो. नुसतं कागदावर ठेवू नको."

ती एवढंच बोलली. कागदावर का नाही, ते बोलली नाही.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्या, माझ्याकडे सरळ बघणारी. तिच्या हातात वही होती, मध्ये बोट घालून धरलेली. ती म्हणाली, "मॅडम, माझा प्रश्न राहिला होता."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं, पुन्हा कधी तरी, बाळा. आणि पायऱ्या उतरून रिक्षात बसले. रिक्षा वळली तेव्हा त्या दोघी व्हरांड्यातच उभ्या होत्या.

ती मुलगी काय विचारणार होती, मला माहीत नाही.